लिफ्ट न देणारे अंकल

गाडी रिकामी असताना ओळखीच्या माणसाला पायी जाऊ देणं हे पुण्यकर्म समजणारा जगात एकच पाद्री झाला असेल, आणि तो ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात माझ्या वाट्याला आला. सगळे त्यांना अंकल म्हणायचे. मला वाटलं, आपल्या लोकांची सवय इथवर पोचली. पण इथल्या काळ्या लोकांत, म्हणजे या मातीच्या मूळ माणसांत, वडीलधाऱ्यांना अंकलच म्हणतात. तेव्हा आपल्याकडून विमानं भरभरून पोरं शिकायला येत होती आणि बस मात्र मनात आलं तर यायची. मी पिशव्या सावरत युनिव्हर्सिटीतून घरी चालत असायची. अंकलांची पांढरी व्हॅन शेजारी थांबायची, काच खाली यायची. “लर्नर काढलंस?” नाही म्हटलं की निघून जायचे. मेला खडूस, मी मनात म्हणायची.

शेवटी चिडून लर्नर लायसन्स काढलं, तर दुसऱ्या दिवशी स्वारी दारात हजर. रविवारचं प्रवचन ते दहा मिनिटांत गुंडाळत, कारण बाहेर शिकाऊ मंडळी ताटकळत असायची. त्यांच्या समाजातली पोरं लायसन्सशिवाय गाडी चालवताना पकडली जायची आणि थेट तुरुंगात पोचायची. अंकल कोर्टात त्यांच्यासाठी भांडायचे, आणि सोडवून आणलेल्याला आधी लर्नर काढायला लावून मग व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसवायचे. पुण्यात लाल सिग्नलची पर्वा न करणारी मी, इथे हिरव्यालाही ब्रेक दाबायची. अंकल शांतपणे विचारायचे, “कुणाची परवानगी मागतेयस?”

हा प्रश्न कुठून येतो ते नंतर कळलं. व्हॅनच्या खणात एक पिवळा पडलेला कागद होता. त्यांचं लहानपण मूळ लोकांना डांबून ठेवायच्या सरकारी वस्तीत गेलं. तिथून बाहेर पाऊल टाकायला गोऱ्या साहेबाची परवानगीची चिठ्ठी लागायची. आईची बहीण पलीकडच्या गावात आजारी होती. आईने अर्ज केला. खणातला कागद म्हणजे तीच चिठ्ठी; ती आली तेव्हा बहिणीला पुरूनही झालं होतं. आई गेली तीही त्याच वस्तीत. चिठ्ठीची सक्ती उठल्यापासून दरवर्षी तिच्या पुण्यतिथीला अंकल स्वतः गाडी चालवत तिच्या कबरीवर जायचे, कुणालाही न विचारता.

मी टेस्ट पास झाले आणि भर रस्त्यात वाकून त्यांच्या पाया पडले. किल्ली पडली समजून तेही खाली वाकले आणि शोधायला लागले! मी अर्थ सांगितल्यावर गंभीर झाले. “आमची माणसं इथे फार वाकली, पोरी. तू सरळ उभी राहा.”

पुढे साखरेने त्यांची नजर नेली. डॉक्टरांनी गाडी बंद केली. पुण्यतिथी जवळ आली, पण जन्मभर लिफ्ट न दिलेला माणूस ती मागणार कुठल्या तोंडाने? चर्चमधल्या चौघांनी विचारलं, चौघांनाही नाही म्हणाले. त्या सकाळी मी त्यांच्या दारात गेले आणि म्हटलं, “अंकल, मला तो रस्ता शिकायचाय.”

मग टोपी घालून शिक्षकाच्या सीटवर बसले आणि वाटभर माझ्या चुका काढल्या. नजर गेली होती, तरी गिअर चुकला की त्यांना कळायचं.

वस्तीच्या तोंडाशी फाटकाचे दोन जुने खांब उरलेत. फाटक कधीच गेलंय, तरी माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

“का थांबलीस?” ते म्हणाले. “चालव.”

आता तेही तिथेच आहेत, आईच्या शेजारी. मी दरवर्षी जाते. त्या खांबांपाशी पाय अजून ब्रेककडे जातो, डोळे भरतात, पण थांबत नाही मी.