खुर्चीवरची पर्स

२०२४ साल. मला बहात्तरावं लागलं होतं. नात सक्करदऱ्यातल्या शाळेत पहिलीत होती आणि दिवाळी उलटली तरी तिला ‘घर’ वाचता येत नव्हतं.

एका संध्याकाळी तिनं घरभरच्या चपला ओळीनं मांडल्या. समोर खुर्ची, खुर्चीवर आईची पर्स. मग बाहेर येऊन मुरमुरे खात बसली.

“काय करून राहिली वं?”

“शिकवून राहिली. मी मॅडम आहो.”

“मग त्याहीले सोडून इथं काहून?”

“पर्स आहे ना तिथं, आबा!”

मला कळलं. शाळेत दुसरीच्या बाई रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी कोणी आलंच नव्हतं. पहिलीच्या मॅडमच दोन्ही खोल्या सांभाळायच्या. लेकरं इतकी दाटून बसलेली, की दप्तर मांडीवर. दुसऱ्या खोलीत जाताना मॅडम खुर्चीवर पर्स ठेवायच्या. पर्स आहे तोवर चूप बसायचं. त्यांना काय बोलावं, घसा बसून गेला होता बिचारीचा.

पालकसभेत हेडमास्तर म्हणाले, “गल्लीतली बारावी झालेली एखादी पोरगी बसवू. लेकरं सांभाळली म्हणजे झालं.” सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठलो.

“मी तिसरी शिकलो. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात जन्मभर राख उपसली. तिथं बॉयलरजवळ सर्टिफिकेटवाल्याशिवाय कोणाले उभं राहू देत नव्हते. अन् लेकराजवळ कोणीही चालते काहून? शिकवणं शिकलेली बाई आणा, दाटलेल्या वर्गाचे दोन करा.”

“निवडणुकीले उभे राहा गा काका!” मागून कोणी ओरडलं. हशा झाला.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. “लिहून लिहून थकलो, काका. वरून माणूसच येत नाही. तुम्हीच जाऊन पाहा.” मला वाटेला लावायला म्हणाले ते.

घरी पोरगा म्हणाला, “बाबा, जाऊ द्या ना. पुढच्या वर्षी प्रायव्हेटमध्ये टाकू तिले.”

“अन् बाकीच्याइले?”

तो ताटावरून उठून गेला. मीही आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला शाळेत सोडलं, पिशवी घेऊन बसनं सीताबर्डीला उतरलो आणि पायी शिक्षणाच्या ऑफिसात गेलो. साहेब आले नव्हते. चपराशी म्हणाला, “पिशवी ठेवा बाकावर, नंबर राहते तुमचा, अन् या फिरून.”

मी पिशवी मांडीवर घेतली आणि तिथंच बसलो.