लाल वर्तुळातली बाग

आंब्याच्या एका बागेवर ड्रोन उडवायची परवानगी आम्हाला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी मिळाली. अर्ज नोव्हेंबरात केला होता. मधल्या काळातले पाच आठवडे माझ्यामुळे वाया गेले.

'आम्हाला' म्हणजे खरं तर माझ्या पत्नीला. ती लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींच्या रोगांवर काम करते. आंब्याच्या मोहोरावर भुरी पडते, पांढऱ्या पिठासारखी बुरशी. ती बागेत कुठल्या कोपऱ्यातून सुरू होते आणि कशी पसरते, हे वरून घेतलेल्या छायाचित्रांतून शोधायचं, असा तिचा तीन वर्षांचा प्रकल्प. हे तिसरं वर्ष होतं आणि जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. मोहोर वर्षातून एकदाच येतो. या खेपेला तो हुकला, तर पुन्हा मोजायला तिच्याकडे वर्ष उरलं नव्हतं.

बाग शहराबाहेर आहे आणि तिची मागची बाजू लष्करी विमानतळाच्या कुंपणाला लागते. ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात ती लाल वर्तुळात येते. लाल म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन हातभरही वर न्यायचा नाही. अर्जाला ड्रोनचा नोंदणी क्रमांक, चालकाचं प्रमाणपत्र, बागेच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, उंची, वेळ आणि पोलीस ठाण्याचं पत्र जोडावं लागतं. आधीच्या दोन वर्षी परवानगी फेब्रुवारीत आली होती, मोहोर फुटायच्या आठवडाभर आधी. यंदा जानेवारी अर्धा सरला तरी काही कळलं नव्हतं. त्या दोन्ही वर्षीही जानेवारीत काही कळलेलं नव्हतं, हे मी तेव्हा तपासून पाहिलं नाही.

ड्रोन चालवणारा लखनौजवळच्या चिनहटचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "सर, ड्रोन उड़ाना मेरा काम है। फाइल उड़ाना आप लोग देखिए।"

संक्रांतीनंतरच्या रविवारी इथल्या मराठी मंडळींचं तिळगूळ असतं, लखनौच्या महानगर नावाच्या भागातल्या एका सभागृहात. सैन्यातली, हवाई दलातली कुटुंबं येतात, संस्थांमधले शास्त्रज्ञ येतात, मुलं मराठीतले प्रश्न ऐकून हिंदीत उत्तरं देतात. आम्ही एकमेकांची कामंही तिथेच उरकतो. शाळेतला प्रवेश, दवाखान्यातली खोली, गावाकडे जाताना तिकिटाची सोय. याला कोणी वशिला म्हणत नाही. सांगून ठेवणं म्हणतात.

हवाई दलातला एक अधिकारी दरवर्षी येतो. साताऱ्याकडचा आहे, आम्हाला काका-काकू म्हणतो. विमानतळाभोवतीच्या परवानग्या त्याच्याकडे असतात, हे दिवाळीच्या फराळाला त्याच्याच बोलण्यात आलं होतं. अर्ज मात्र संस्थेच्या नावाचा होता आणि सही संचालकांची. त्यामागे काकू आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो वाटी घेऊन समोर आला. "तिळगूळ घ्या काका. आमच्याशी गोड बोला, पेपरात काय ते कडू लिहा."

मी लाडू घेतला आणि म्हणालो, "हिची ड्रोनची एक फाइल तुमच्याकडे आली असेल. आंब्याची बाग. कुठवर आलीये, तेवढं बघता का?"

त्याचं हसू गेलं. "ती काकूंची आहे?"

"हो."

"काका, हे मला विचारायला नको होतं तुम्ही."

"परवानगी द्या असं कुठे म्हणतोय? फक्त कुठे आहे ते विचारतोय."

"माझ्या टेबलावर आहे. उद्या सही होऊन पुढे जाणार होती." त्याने वाटी खुर्चीवर ठेवली. "आता नाही जाणार. अर्जामागचे लोक घरोब्यातले आहेत आणि त्यांच्याकडून विचारणा झाली, असं मला लिहून द्यावं लागेल. फाइल दुसऱ्याकडे जाईल. तो पहिल्यापासून बघेल."

"एवढ्याशा प्रश्नावरून?"

"दुसरा कोणी ऑफिसात येऊन हेच विचारता, तर मी त्याला चौकशीच्या खिडकीकडे पाठवलं असतं. तुम्हाला कुठे पाठवू?"

पत्नी चार पावलांवर दोघीतिघींशी बोलत होती. तिला मी गाडीत सांगितलं.

"तू बातमी काढायला गेला होतास की परवानगी?" ती म्हणाली.

"मला वाटलं, अडकली असेल."

"वाटलं. छापायच्या आधी खात्री करा, हे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगतोस ना?"



फाइल कुठे आहे, हा प्रश्न मी नोकरीत शेकडो वेळा विचारला आहे. माहिती मागणं वेगळं आणि काम करून मागणं वेगळं, हा फरक मी कसोशीने पाळला, अशी माझी समजूत होती. हा फरक विचारणाऱ्याला स्पष्ट दिसतो. ज्याला विचारलं जातं त्याच्यासमोर मात्र आधी ओळखीचा माणूस उभा असतो आणि प्रश्न त्याच्या मागून येतो. बातमीदार म्हणून मी ज्यांना विचारत असे, त्यांतल्या कितींनी नंतर असं काही लिहून दिलं आणि कितींनी ते टाळलं, याची मी कधी चौकशी केली नव्हती.

नव्या अधिकाऱ्याने सगळी कागदपत्रं पुन्हा मागवली. तोवर पोलीस ठाण्याच्या पत्राची मुदत संपली होती. नवीन पत्राला बारा दिवस लागले. प्रकल्पप्रमुखांचे पती पत्रकार आहेत, हेही आता फाइलीत आलं होतं. त्यामुळे एक हमीपत्र वाढलं. बागेची छायाचित्रं मला दाखवली जाणार नाहीत आणि मी त्याविषयी वृत्तपत्रात काही लिहिणार नाही, असं त्यात होतं. खाली आम्हा दोघांच्या सह्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस मोहोर फुलला. पत्नी रोज सकाळी बागेत जाऊन शिडीवरून हाताला लागतील तेवढे तुरे मोजत होती. शेंड्याकडचे तुरे तिला दिसत नव्हते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भुरी दिसू लागली. त्याच आठवड्यात एका जेवणाच्या वेळी तिने मला विचारलं, "पुन्हा कोणाला काही विचारलं नाहीस ना?" मी नाही म्हणालो. तिने पोळी वाढली.

परवानगी एका दिवसाची होती, सकाळी सात ते आठ. शनिवारी उड्डाण झालं. मी फाटकाबाहेर गाडीत बसलो होतो. ड्रोनचा आवाज सात वाजून चार मिनिटांनी सुरू झाला आणि आठला दहा मिनिटं असताना थांबला.

बागेत झाडांच्या दहा ओळी आहेत. सहा ओळींवर मोहोर होता, त्या मोजता आल्या. उरलेल्या चार ओळींवर तोवर वाटाण्याएवढे आंबे धरले होते. मे महिन्यात तिने अंतिम अहवाल संस्थेला दिला. तिसऱ्या वर्षाच्या तक्त्यात त्या चार ओळींपुढचे रकाने रिकामे आहेत. खाली टीप आहे: 'उड्डाणास उशीर. कारण अर्जदाराच्या बाजूचे.'