पोटमाळ्यामागचा कोपरा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. चौथीनंतर शाळा सुटली, मग पेन हातात आलं ते सहीपुरतं. हे कधी कुणाच्या हाती लागलंच, तर ऱ्हस्व-दीर्घ पोटात घालावं. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही अंबरनाथला कौलारू चाळीत राहायचो. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात होते. उल्हासनगरला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं घर विकायला निघालं होतं. मालक सिंधी, कापडाचे व्यापारी, वयाने मोठे. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. घर उजेडाचं होतं, नळ घरात होता. मला ते आवडलं आणि त्याची धडकीही भरली. मी जन्मभर कौलांखाली झोपलेली. डोक्यावर दुसऱ्याचा संसार, त्यांची कपाटं, त्यांचं पाणी, हे मला सोसेना. त्यात तेव्हा तिकडे इमारती भराभर उठत होत्या आणि अधूनमधून कुठेतरी स्लॅब खाली आल्याचं कानावर यायचं. आमची भाजीवालीसुद्धा म्हणायची, "वाळू कुठली ताई, दगडाची भुकटी कालवतात."

यांना मात्र पाडव्याचा मुहूर्त गाठायचा होता. माझ्या पाटल्या मोडल्या, यांची शिल्लक त्यात घातली आणि पाडव्याला शेठजींच्या हातावर इसार ठेवला. पेढे वाटले. पावतीवर लिहिलं होतं की घेणाऱ्याने माघार घेतली तर इसार बुडाला. घर तपासायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मुहूर्त चांगला म्हणजे घर चांगलं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

पाडव्यानंतर कारखान्यातल्या कुणीतरी यांना विचारलं, "इंजिनिअरला दाखवलंस का?" मग धावाधाव. जे इंजिनिअर आले ते शांत गृहस्थ होते. त्यांनी आधीच सांगितलं, "पाहणी तीन तऱ्हेची. कर्ज देणारे करतात ती नुसती किमतीची, तिच्यात घराची तब्येत कळत नाही. दुसरी मधली, ती मी आज करतो. डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल, ठोकून ऐकू येईल तेवढं बघायचं आणि लिहून द्यायचं. काही फोडायचं नाही, कुणाचं सामान हलवायचं नाही. तिसरीत प्लास्टर फोडून आतलं लोखंड बघतात. तिला मालकाची परवानगी लागते आणि खर्चही बराच."

हे म्हणाले, "मधली बास."

इंजिनिअर हातोडीच्या दांड्याने छत ठोकत फिरले. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसं. मी भिंतीला टेकून प्रत्येक आवाज ऐकत होते. सगळीकडे खणखणीत. स्वयंपाकघरात मोरीच्या बाजूला लाकडी पोटमाळा होता, छतापर्यंत प्लॅस्टिकमध्ये बांधलेले कापडाचे गठ्ठे भरलेला. इंजिनिअरांनी वर बोट केलं तर शेठजी हसून म्हणाले, "साहब, सीजन का माल है. इसको उतारेगा कौन, आप?" वरच्या घराला त्या दिवशी कुलूप होतं.

चार पानांचा अहवाल आला, इंग्रजीत. हे वाचून खूश. "बघ, लिहिलंय, गंभीर दोष आढळला नाही. आता तरी झोपशील?"

मी विचारलं, "शेवटच्या पानावर काय आहे?"

"ते असंच असतं. पोटमाळ्यामागचा कोपरा पाहता आला नाही, वरचं घर बंद होतं, वगैरे."

"पाहता आला नाही म्हणजे तो चांगला आहे, असं नाही ना होत?"

"वा! चौथी पास इंजिनिअर! उद्यापासून कारखान्यात तूच जा, मी भाकऱ्या थापतो."

मी विषय सोडला. पण भीतीने मला सोडलं नाही. भाकरी थापतानाही मला तो कोपरा दिसायचा, गठ्ठ्यांमागचा, काळोखा.

मग एकदा पडद्यांची मापं घ्यायला गेलो, तेव्हा जिन्यात वरच्या वहिनी भेटल्या. आपल्याच, साताऱ्याकडच्या. म्हणाल्या, "तुम्ही खाली राहायला येणार ना? मग शुक्रवारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यायचंच." परक्या घरी एकटीने जायचा मला धीर होत नाही. तरी गेले. आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्याले, आणि हात धुवायचं निमित्त करून मोरीत गेले.

मोरीची फरशी एका कोपऱ्यात बशीसारखी खचली होती. तिथे पाणी साचलेलं. वहिनी मागून ओरडल्या, "अहो, त्या कोपऱ्यात नका जाऊ! फरशी हलते तिथली. किती वेळा सिमेंट भरलं, राहतच नाही."

"खाली गळत नाही का?"

"गळायचं की! शेठजी रोज भांडायला यायचे. मग त्यांनी खाली पोटमाळा घातला आणि आमचं भांडण मिटलं." त्या खळखळून हसल्या. बाकीच्या बायकाही हसल्या. माझी ओटी भरली गेली. माझ्या होणाऱ्या चुलीच्या बरोबर वर मी उभी होते.

घरी येऊन यांना सांगितलं. या वेळी हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांकडे गेले. ते म्हणाले, "म्हणूनच मी 'पाहता आला नाही' असं लिहिलं. ती पळवाट नव्हती हो, ती सूचना होती. गठ्ठे काढायला लावा."

शेठजी कुरकुरले, पण माल काढला. इंजिनिअर स्टुलावर चढले. दांडा लागला तसा बद्द आवाज आला आणि परातीएवढं प्लास्टर ओट्यावर कोसळलं. मी दारात होते, तरी किंचाळले. आत सळया गंजून फुगल्या होत्या, त्यांचे पापुद्रे सुटत होते. यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"घर नको," हे म्हणाले.

"मत लो," शेठजी म्हणाले. "लेकिन इसार गया. पावती में लिखा है, भाई."

हे पावतीकडे बघत राहिले. लिहिलेलं खरंच होतं. माझ्या पाटल्या गेल्या, यांची इतक्या वर्षांची शिल्लक गेली, एवढंच मला कळत होतं. मी कधी परपुरुषाशी मान वर करून बोललेली नाही, तेव्हाही मान खालीच होती. पण बोलले, माझ्या मोडक्या हिंदीत.

"शेठजी, आपकी बहू को इधर खाना पकाने देंगे क्या?"

शेठजींनी ओट्यावरचा ढीग बघितला, वर सळयांकडे बघितलं. मग म्हणाले, "भाभी, पैसा माल में लगा है. थोड़ा-थोड़ा करके दूँगा."

त्यानंतरचे महिने जास्त वाईट गेले. लेखी काही नव्हतं, नुसता एका माणसाचा शब्द. हे दुकानात जायचे, कधी थोडे घेऊन यायचे, कधी नुसता चहा पिऊन. एकदा दुकान बंद दिसलं, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. शेठजी लग्नाला गेले होते, एवढंच निघालं.

पुढच्या पावसाळ्यात शेवटचे पैसे शेठजींनी स्वतः चाळीत आणून दिले, भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवून. यांनी नोटा मोजल्या. मग, कधी नव्हे ते, माझ्यापुढे धरल्या. मी मोजल्या. इसार पुरा परत आला होता.