लोर्नाच्या नाकावरचा भरवसा

टास्मानियाच्या त्या खोऱ्यात मधमाश्यांच्या पेटीबद्दल शंका आली की आधी लोर्ना टिलयार्डला बोलवायचे. माश्यांची पिल्लं आतल्या आत सडायचा एक रोग असतो, त्याला जुन्या सरसासारखा वास येतो. तो लागला की पेट्या जाळण्याशिवाय इलाज नाही. बाकीचे पोळ्यातल्या मेलेल्या पिल्लात काडी खुपसून चिकट तार सुटते का बघत; सुटली की रोग. लोर्ना नुसती वाकायची, "स्वच्छ आहे" म्हणायची, आणि माणसं निर्धास्त घरी जायची.

मग सायनसनं तिला धरलं. आधी कॉफीचा वास गेला, मग नवऱ्याच्या तंबाखूचा, मग सगळेच. डॉक्टरनं नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा दिला. पुढं दुसरा, मग तिसरा. एकानं जळजळ व्हायची, एकानं रक्त यायचं, तिसरा सरळ घशात उतरायचा. मुलीला स्थळं बघावीत तशी ती तिघांत डावं-उजवं करत बसली. चार वर्षांत एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही, की बाई, तू तो मारतेस कसा?

ते विचारलं दवाखान्यातल्या नव्या नर्सनं, बेव्हरलीनं. "दाखव बरं मला."

लोर्नानं मान मागं टाकली, फवाऱ्याचं टोक नाकाच्या मधल्या पडद्यावर टेकवलं आणि जोरात ओढलं.

"अगं, चार वर्षं औषध पोटात चाललंय तुझ्या," बेव्हरली म्हणाली. "तिन्ही फवारे जवळपास सारखेच. मान खाली, टोक कानाकडं, हुंगायचं हळू. आणि डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्यात औषध घालून नाक धुऊन बघ. ते आत खोलवर पोचेल."

नाक गेल्याचं लोर्नानं खोऱ्यात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून तिची किंमत काय राहिली असती? बोलावणी येतच होती आणि ती वाकून "स्वच्छ आहे" म्हणतच होती. सहा महिन्यांपूर्वी शेजारच्या गॉर्डन क्विलच्या चाळीस पेट्यांनाही तिनं तेच म्हटलं होतं. काडी काढायची तिला लाज वाटली. इतका कसला तोरा, देव जाणे.

नाक धुवायला लागल्यापासून सातव्या आठवड्यात एका सकाळी कॉफीचा वास आला. लोर्ना ओट्याशी उभी राहून रडली. मग तशीच गॉर्डनकडं गेली आणि पहिलीच पेटी उघडली.

सरसाचा वास भपकन नाकात शिरला. मागून आलेल्या गॉर्डननं काडी खुपसून ओढली. तपकिरी तार लांबच लांब सुटली.

"तू तर स्वच्छ म्हणाली होतीस, लोर्ना."

"मला वास येत नव्हता, गॉर्डन. चार वर्षं."

नवी काडी घेऊन त्यानं पुढची पेटी उघडली.

सरकारी तपासनीस आला; रोग सगळ्या पेट्यांत पसरला होता. खड्डा खणला. संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर चाळीसच्या चाळीस पेट्या पेटवल्या. मेण, मध, लाकूड, सगळ्याचा धूर लोर्नाच्या अंगावर येत होता. तिनं रुमाल नाकाला लावला.

"आता येतोय ना वास?" गॉर्डननं विचारलं.

"येतोय."

"मग रुमाल काढ. पोटभर घे."