सार्वमताच्या वर्षातलं कारपूल

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून सनीव्हेलला आम्ही तिघं एका गाडीतून जायचो. गाडी तिची. ती तैवानमधल्या तैनान शहराची, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, दोन शाळकरी मुलांची आई, आणि ऑफिसात आमच्या चिप डिझाइन टीमची लीड. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण मनातल्या मनात मी तिला ताई म्हणायचे, आणि इथंही तेच म्हणते. तिच्या शेजारच्या सीटवर बसायचा तो चीनमधल्या श्यामेनचा. त्याचं लग्न व्हायचं होतं. आई आणि बहीण तिकडेच. मी मागच्या सीटवर. नागपूरची, कामाच्या व्हिसावर आलेली, चिप तपासण्याचं काम करणारी.

श्यामेन आणि तैवान यांच्यामध्ये समुद्राची एक पट्टी आहे, आणि तिच्या दोन्ही काठांवर घरात बोलली जाणारी भाषा एकच. शाळेतली, सरकारातली चिनी वेगळी. ही बाजारातली, भांडणातली. मला हे ठाऊक नव्हतं. कारपूल सुरू झाल्यावर एकदा ट्रॅफिक तुंबलेला असताना कुणीतरी आडवं घुसलं, आणि ताईच्या तोंडून एक शिवी निघाली. तो चमकून तिच्याकडे बघायला लागला आणि मोठ्यानं हसला.

"ही माझ्या आईची शिवी आहे," तो मागे वळून मला म्हणाला.

तेव्हापासून दोघं पुढे बसून त्याच भाषेत बोलायची. मला काही कळायचं नाही, तरी ऐकायला बरं वाटायचं. पुण्याच्या नवऱ्याशी दिवसरात्र नीटनेटकं मराठी बोलणाऱ्या माझ्या कानावर कुणी अचानक 'काहून बे' घातलं तर जे होईल, ते त्यांचं होत असणार.

२००३चं वर्ष सरत आलं तेव्हा तैवानमध्ये सार्वमताचा कायदा झाला, आणि गाडीतला रेडिओ बंद राहू लागला. ताईनंच तो बंद केला होता. बातम्यांमध्ये तेच चाललेलं असायचं: लोकांना थेट मत द्यायला सांगणार, मग उद्या हेच लोक आम्ही वेगळा देश आहोत असंही मत देतील, आणि तसं झालं तर पलीकडचा चीन गप्प बसणार नाही. पुढे जो प्रश्न ठरला तो क्षेपणास्त्रांबद्दलचा होता, त्यात स्वातंत्र्याचा शब्दही नव्हता. पण वाद मात्र स्वातंत्र्याचाच चालला होता, हे ताईनंच मला सांगितलं.

"आणि ती क्षेपणास्त्रं आहेत कुठं?" मी विचारलं.

तोच म्हणाला, "आमच्या प्रांतात. तिच्या घराकडे तोंड करून."

मिल्पिटासजवळ खाडीच्या चिखलाचा आणि कचऱ्याच्या डेपोचा वास गाडीत शिरला. एरवी त्या वासावर काहीतरी विनोद व्हायचा. त्या सकाळी त्यानं लहानपणीचं सांगितलं. समोरच्या बेटावर तैवानचं सैन्य होतं आणि एक दिवसाआड दोन्हीकडून तोफा सुटायच्या. गोळ्यांमध्ये नुसती पत्रकं भरलेली असायची, पण लोखंडी कवच पडायचं ते खरंच पडायचं. शेजारची एक म्हातारी परसात भाजी तोडताना ते लागून मेली.

"माझ्या आजोबांना आमच्याच सरकारच्या माणसांनी घरातून नेलं," ताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "मत मागितलं म्हणून. ते परत आले नाहीत. त्यामुळे मला मत देऊ नकोस असं कुणी सांगितलं की मला ते ऐकवत नाही."

तिनं लेन बदलली.

ऑफिसातही तो विषय वेगळ्या दारानं आला. आमच्या चिप तैवानच्या कारखान्यात बनायच्या. मीटिंगमध्ये मॅनेजरनं पडद्यावर नकाशा लावला आणि शांतपणे विचारलं, "समजा मार्चमध्ये तिथं काही झालं, तर आपला बॅकअप प्लॅन काय?" कोरिया, सिंगापूर अशी नावं निघाली. ताई आणि तो एकमेकांसमोर बसले होते. दोघांनीही वहीत डोकं घातलं होतं. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाली, "काही झालं, म्हणजे माझी आई मेली. एवढंच मॅनेजर विचारत होता."

जानेवारीत एक दिवस तिनं मला थांबवून घेतलं. तिच्या तैवानी मंडळानं आमच्या गावच्या कम्युनिटी सेंटरमध्ये जाहीर चर्चा ठेवली होती: सार्वमत व्हावं की होऊ नये. इथं वाढलेल्या मुलांना कळावं म्हणून इंग्रजीत. दोघं बाजूनं बोलणार, त्यात ती एक; दोघं विरुद्ध. वेळ पाळायला, घंटा वाजवायला कुणीतरी हवं होतं.

"आमच्यातलं कुणीही बसलं तरी दुसरी बाजू आक्षेप घेते," ती म्हणाली. "तू कुणाचीच नाहीस."

घरी सांगितलं तर नवरा आधी हसला. "मग तुमच्या विदर्भाचं पण उरकून टाका ना एकदा!" मग हसू आवरून म्हणाला, "हे बघ, यात कशाला पडतेस? आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. कुणी फोटोबिटो काढला तर?"

"घंटा वाजवणाऱ्या बाईचा कोण फोटो काढतो?"

"काढणारा काय विचारून काढतो?"

फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी मी गेले तर पार्किंगमध्ये पोलिसांची गाडी उभी होती. आयोजकांनीच बोलावली होती म्हणे. हॉल गच्च भरलेला, पण इतक्या माणसांचा जेवढा गलका असायला हवा तेवढा नव्हता. डावीकडे एक गट, उजवीकडे दुसरा, आणि मधली वाट रिकामी. उजव्या भिंतीशी एक माणूस तिपाईवर कॅमेरा लावून उभा होता. मी आयोजकबाईंना विचारलं, हे तुमचे का? त्या म्हणाल्या, मला वाटलं विरोधी बाजूचे. त्या पलीकडे विचारून आल्या. त्यांचेही नव्हते. हॉल सार्वजनिक होता, त्यामुळे त्याला काढताही येईना. त्यानं एकदाही कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

चौघंही चांगलं बोलले. ताई आजोबांबद्दल बोलली. विरोधातले एक वयस्क प्राध्यापक म्हणाले, घराला आग लागेल हे माहीत असताना काडी ओढणं हा हक्क असू शकतो, शहाणपण नव्हे. मी वेळेवर घंटा वाजवत होते आणि लोक ती ऐकत होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या दाराशी एक हात वर झाला. तो होता. येणार नाही असं गाडीत म्हणाला होता.

त्यानं इंग्रजीत सुरुवात केली, एक वाक्य बोलला आणि अडखळला. मग त्यांच्या त्या भाषेत बोलायला लागला. अर्धा हॉल वळून बघायला लागला. प्राध्यापकांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. मला एक अक्षर कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की त्याचा आवाज चढत नाहीये, उलट उतरत चाललाय, आणि त्याची वेळ संपली आहे. कुणीतरी माझ्याकडे हात केला. मी घंटा वाजवली.

तो गप्प झाला.

"वेळ संपली तरी मी उत्तर देते," ताई इंग्रजीत म्हणाली. "ह्यांनी विचारलं, क्षेपणास्त्रं ह्यांच्या आईच्या घरामागून सुटतील आणि त्यांचं उत्तर ह्यांच्या आईच्या घरावर पडेल, तर ह्यांच्या आईला मत कुठंय?" ती त्याच्याकडे वळली. "तुमच्या आईला मत नाही. माझ्या आईला आहे. म्हणून ती ते देणार."

डावीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. उजवीकडे कुणीतरी उठून ओरडलं. पोलीस दारातून आत आला आणि नुसता उभा राहिला. कॅमेरा मात्र ताईकडे नव्हता. तो मागच्या दाराकडे वळलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा गाडीत बसला.

"त्या टाळ्या मला आवडल्या नाहीत," ताई म्हणाली.

"मला उत्तर आवडलं नाही," तो म्हणाला. "पण ते खोटं नव्हतं."

मला वाटलं, झालं, निभावलं. पण पुढच्याच आठवड्यात त्याच्या बहिणीचा फोन आला. आईकडे सरकारकडचे दोघेजण येऊन गेले होते. संत्री घेऊन. सोफ्यावर बसून चहा प्यायले, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि म्हणाले, मुलगा कॅलिफोर्नियात सभांना जातो म्हणे, त्याला सांगा, जपून. हे त्यानं गाडीत सांगितलं, इंग्रजीत, म्हणजे मलाही कळावं म्हणून. सांगून झाल्यावर तो ताईकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींपैकी कुणीतरी त्याचं नाव बोललं असेल का, हे तो मनात चाचपून बघतोय, हे मला दिसलं.

ताईचीही गत वेगळी नव्हती. तिच्या मंडळातल्या एकानं तिला घरी येऊन विचारलं होतं, "तुझ्या गाडीत बसतो तो माणूस नक्की कोण? सभेला का आला होता? तुझी मुलं कुठल्या शाळेत जातात ते त्याला माहीत आहे का?" हे तिनं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, मूर्खपणा आहे." तिनं डबा बंद केला. "आणि मग मुलांना सांगितलं, अनोळखी कुणी आलं तर दार उघडू नका. आणि ओळखीचं आलं तरी आधी मला फोन करा."

त्या शुक्रवारी त्यानं ई-मेल पाठवला की तो आता आपल्या गाडीनं येईल, वेळा जुळत नाहीत. ताईनं वाचून 'ओके' लिहिलं. ऑफिसात ती दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना बसायची आणि कामाचं बोलणं ई-मेलवर करायची.

मार्चमध्ये ताई मत द्यायला तैनानला गेली. मुलं नवऱ्याकडे ठेवून. तिच्यासारखे बरेच गेले. विमानं भरून गेली म्हणतात. मतदानाच्या आदल्या दिवशी तिथं प्रचाराच्या मिरवणुकीत अध्यक्षांवर गोळी झाडली गेली, आणि तीही तैनानमध्येच. इथं सकाळी उठून बातमी कळली. मी निघण्याच्या तयारीत होते तेवढ्यात त्याची गाडी दारात येऊन थांबली.

"चल," तो म्हणाला. मी पुढच्या सीटवर बसले. थोडं पुढे गेल्यावर त्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली. "तिला फोन कर. तुझ्या फोनवरून. माझ्यावरून नको."

ताईच्या आईच्या घरचा नंबर माझ्याकडे होता. तिच्याकडे मध्यरात्र झाली असणार, पण पहिल्याच रिंगला तिनं उचलला. ती ठीक होती. मिरवणूक तिच्या गल्लीच्या तोंडावरून गेली होती, आईला खुर्ची टाकून बसवलं होतं बघायला. फटाके वाजत होते, त्यामुळे कुणाला काही कळलंच नाही. "आता सगळे दारं लावून बसलेत," ती म्हणाली. "एवढं शांत तैनान मी कधी पाहिलं नव्हतं."

त्यानं हात पुढे केला. मी फोन दिला. तो त्यांच्या भाषेत दोन-तीन शब्द बोलला, पलीकडचं ऐकलं आणि फोन मला परत दिला.

"काय विचारलंस?"

"जेवलीस का," तो म्हणाला. "आमच्यात असंच विचारतात."

"आमच्यातही," मी म्हणाले.

सार्वमताला पुरेसे लोक आलेच नाहीत आणि ते फसलं. क्षेपणास्त्रं सुटली नाहीत. मॅनेजरनं बॅकअप प्लॅनची फाइल बाजूला ठेवली. ताई परत आली, त्यानं भिंतीपलीकडून येऊन तिला ऑफिसच्या किचनमध्ये कॉफी ओतून दिली, आणि मला वाटलं आता पुन्हा एका गाडीनं जाऊ. पण त्याच्या आईचे गुडघे दुखायला लागले होते, की दुखतात असं तिला म्हणायला लावलं होतं, हे त्यालाच उमजेना. उन्हाळ्यात तो तिला बघायला गेला. जाताना टेबलावरची झाडाची कुंडी ताईच्या टेबलावर ठेवून गेला, पाणी घालायला.

तिकडे अमेरिकन वकिलातीत त्याचा व्हिसा चौकशीत अडकला. चिपवर काम करणाऱ्या चिनी माणसांचे तेव्हा अडकायचेच. आठवडे गेले, महिने गेले. कंपनीनं जागा राखली आणि मग राखली नाही. एकदा ताई माझ्या घरी असताना तिच्या मोबाइलवर त्याचा फोन आला. ती दोन मिनिटं हो-नाही करत राहिली. ठेवल्यावर म्हणाली, "शाळेतल्या चिनीत बोलत होता. आवाज अगदी बातम्या वाचल्यासारखा. म्हणाला, इथं चांगली नोकरी मिळाली आहे, सामान विकून टाका."

"मग तू तुमच्या भाषेत का नाही बोललीस?"

"बोलले. त्यानं पुन्हा चिनीतच उत्तर दिलं."

आम्ही दोघींनी जाऊन त्याचं अपार्टमेंट रिकामं केलं. फारसं काही नव्हतं. तांदळाची पिशवी, पुस्तकं, एक सायकल.

पुढच्या वर्षी चीननं तैवानच्या वेगळं होण्याविरुद्ध कायदा केला, त्यात बळाचा वापरही लिहिलेला होता. तेव्हा त्याच हॉलमध्ये पुन्हा चर्चा ठेवली गेली. नवरा म्हणाला, जाऊ नकोस. मी गेले. यावेळी गर्दी निम्मीच होती, आणि लोक भिंतींपासून दूर, मधल्या रांगांत बसले होते. प्राध्यापक आले नव्हते. ताई बोलली, दुसरे बोलले, मी घंटा वाजवली. मग मी प्रश्नांची वेळ जाहीर केली आणि हॉलभर नजर फिरवली.

कुणीही हात वर केला नाही. मी पुन्हा विचारलं. एक बाई पर्स उघडून आत काहीतरी शोधत राहिली. ताई टेबलाशी ताठ बसून मागच्या दाराकडे बघत होती, आणि लोक एकेक करून, खुर्चीचा आवाज होऊ न देता, उठायला लागले.