चौकटीवरच्या रेघा

घाण दिसली की माझ्या बायकोचे हात शिवशिवायला लागतात. तिचं नाव विभावरी. मी विभा म्हणतो, आणि रागावलो की काहीच म्हणत नाही. पुण्याहून शिकायला म्हणून इकडे परदेशात आलो, डिप्लोमे घेतले, राहिलो. आता सतरा वर्षं झाली हॅमिल्टन शहरात. मी कुरिअरची व्हॅन चालवतो. ती गावाबाहेर, ते रापा नावाच्या भागात, दूध पावडरच्या कारखान्यात सफाईच्या टीमची सुपरवायझर आहे. टाकी धुऊन झाली की ही टॉर्च घेऊन आत वाकते. टॉर्च समोरून मारायचा नाही, पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. मग कुठे केसाएवढा थर राहिला असला तरी त्याची सावली पडते. तोच टॉर्च ती किल्ल्यांना लावून घरी आणते आणि मी पुसलेल्या ओट्यावर मारते. सांगा आता, असल्या बाईशी कसा संसार करायचा!

त्यात आमचं घर भाड्याचं. सतरा वर्षांत सात घरं झाली. दर तीन महिन्यांनी एजन्सीची बाई इन्स्पेक्शनला येते, फोटो काढते, भिंतीवर डाग दिसला की ईमेल. म्हणून आदल्या दिवशी आमच्याकडे दिवाळीची साफसफाई असते, फक्त फराळ नसतो.

तेवीस सालच्या फेब्रुवारीत गॅब्रिएल वादळ आलं आणि चार तासांवरच्या हॉक्स बे भागात नद्या लोकांच्या घरात शिरल्या. रस्ता सुरू झाल्यावर ईस्टरच्या सुट्टीत आमच्या मराठी मंडळाने मदतीला जायचं ठरवलं. विभाने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मी कुरकुरलो, तर म्हणाली, "लोकांच्या घरात गाळ भरलाय आणि तुला लोळायचंय? लाज वाटू दे जरा!"

आमच्या वाट्याला तिथल्या एस्क व्हॅलीतलं ग्लेनिसचं घर आलं. सत्तरीची, एकटी बाई, सध्या बहिणीकडे राहायला गेलेली. पाणी खिडक्यांच्या वर चढलं होतं. गाळ आधीच्या लोकांनी उपसला होता, भिंतींचे आतले भिजलेले बोर्डही काढले होते. उरला होता लाकडी सांगाडा आणि दारांच्या चौकटी. तिथल्या प्रमुखाने सांगितलं, लाकडावरचा चिखल पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा, बस्स. 'बस्स' हा शब्द विभाला कळत नाही. तिने घरून घासायची क्रीम आणि काथ्या आणलाच होता.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तिने घेतली. तासाभराने मला हाक मारली. "रवी, बघ ये. चिखलाखाली पोरांनी पेनने रेघोट्या मारल्या होत्या. एक ठेवली नाही." चौकटीचा पांढरा रंग लखलखत होता. मीही म्हटलं, "वा!" खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून म्हटलं.

अकराच्या सुमाराला ग्लेनिस आली. "किया ओरा," असा इकडचा नमस्कार केला आणि सगळ्यांसाठी भाजलेले स्कोन्सचे पाव ठेवले. काखेत करवत होती. म्हणाली, "हे घर राहील की पाडतील, अजून ठरलं नाही. काही होवो, मला यातली एकच फळी हवीय. माझा मुलगा स्टुअर्ट दर वाढदिवसाला तिथे उंची मोजायला उभा राहायचा. अकरा वर्षांचा असताना वारला तो." असं म्हणत ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि थांबली. चौकटीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला.  मग करवत खाली ठेवली.

विभाने हातातला काथ्या टाकून दिला. मला म्हणाली, "रवी, मी पुसलं रे. त्या पोराला मी पुसून टाकलं." आणि मग ग्लेनिससमोर जाऊन तेच इंग्रजीत म्हणाली, तोंड न लपवता. मला वाटलं आता पाय धरते की काय. ग्लेनिस म्हणाली, "तुला कुठे माहीत होतं."  अहो, मलाच तिथे उभं राहवेना.

विभाने एकाएकी विचारलं, "रेघा पेन्सिलीच्या की बॉलपेनच्या?"

"बॉलपेनच्या. एक पेन्सिलीची, नवऱ्याने काढलेली."

"दाबून काढायचात?"

"पुस्तक डोक्यावर ठेवून, चांगल्या दाबून."

"रवी, ताडपत्र्या आण!" विभाने खिडक्या झाकल्या, दारं झाकली, भर दिवसा काळोख केला. टॉर्च चौकटीला टेकवून आडवा धरला. आधी नुसता रंग दिसला. तिने हात जरा खाली नेला, आणि रंगात एक बारीक खाच सावली टाकून उठली. शेजारी आकडा, चार. "ही बघा!" विभा किंचाळलीच. ग्लेनिसने पर्समधून पेन काढलं आणि त्याच खाचेतून फिरवलं. तासभर दोघी तशाच बसल्या होत्या, एक उजेड धरून, एक गिरवत. दहातल्या नऊ रेघा सापडल्या. पेन्सिलीची काही मिळाली नाही. ग्लेनिस म्हणाली, "नवऱ्याला सांगायचेच मी, जोर लाव म्हणून," आणि हसता हसता रडली. मग मी ती फळी कापून तिच्या गाडीत ठेवली.

निघताना तिने विभाला विचारलं, "तुझ्या मुलांच्या कुठे आहेत रेघा?"

विभा म्हणाली, "एकच मुलगी आहे, ईशा. लहानपणी काढायचो. पण घर भाड्याचं. इन्स्पेक्शन आलं की मी पुसायचे."

ती पुसायची, हे खरं. पण "ते आधी पूस, फोटोत येईल," असं दर वेळी ओरडायचो मी. हे तिने ग्लेनिसला सांगितलं नाही. परतीच्या चार तासांत मलाही ऐकवलं नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

घरी पोचलो. ईशा सोळा वर्षांची, सोफ्यावर फोनमध्ये. मी तिला उठवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं.

"डॅड, व्हॉट आर यू डूइंग? थर्सडेला इन्स्पेक्शन आहे!"

"येऊ दे त्या बाईला," मी म्हटलं. तिच्या डोक्यावर पुस्तक धरलं आणि पेन विभाच्या हातात दिलं. "दाबून काढ."

विभाने काढली. रंगाचा टवका उडाला इतकी दाबून. तारीख घातली. ईशा बाजूला झाली आणि आम्ही तिघं बघत राहिलो. एकच रेघ होती, माझ्या कानाच्या उंचीला. तिच्याखाली जमिनीपर्यंत चौकट पांढरी स्वच्छ होती. तरी विभाने किल्ल्यांचा टॉर्च काढला, खाली बसली आणि उजेड आडवा धरून शोधायला लागली. हे सातवं घर आहे, इथे ईशा चौदाची असताना आलो, हे तिला ठाऊक होतं. मी तिला थांबवलं नाही. शेजारी जाऊन बसलो.