पहिल्या मालकाची गाडी

६ फेब्रुवारी. आजचं काम : जुनी गाडी घेण्याआधी तिचे कागद बघणे.

दिघीतल्या माझ्या स्वयंपाकघरातून रोज निघोज्याच्या कारखान्यांना डबे जातात. स्कूटरवर ते आता मावत नाहीत. गाडी आली तर आणखी एका कंपनीचं काम घेता येणार होतं. पण उद्या कुणी ‘ही गाडी आमची’ म्हणत ती ओढून नेली, तर डब्यांसकट धंदाही जाणार.

नवऱ्याने गाडी आधीच तपासली होती. म्हणजे टायरला लाथ मारली, बॉनेटवर थाप दिली, चारही दारं उघडून आपटली आणि आत बसून गाणं लावलं. कागदांचं विचारलं तर म्हणाला, “अगं, माझ्याच शिफ्टचा माणूस आहे. कागद मागितले तर काय वाटेल त्याला?” आमच्या पट्ट्यात एका शिफ्टचा माणूस म्हणजे सख्खा भाऊ. सख्ख्या भावाकडून गुंठाभर जमीन घेताना मात्र हेच लोक सातबारा भिंगातून वाचतात.

संध्याकाळी हा भाऊ गाडी घेऊन दारात आला. नवरा पेढे आणि नारळ घेऊन तयारच. मी फोनवर सरकारी ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला. मालक पहिलाच, कर्ज नाही, विमा चालू. नवऱ्याने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मालकाचं नाव मात्र अर्धं झाकलेलं होतं, आणि दिसत होतं तेवढं काही या भावाचं नव्हतं.

“हे कोण?”

“आमचे काका, वहिनी. गाडी त्यांच्याच नावावर आहे. पण ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही आहे ना त्यांची. कालच झालीय.”

“मग काकांनाच आणायचं. चहा घेतला असता.”

“काका गेले ना वहिनी, गणपतीत.”

मी नवऱ्याकडे वळले. “अहो, यांच्याच दहाव्याला गेला होतात ना तुम्ही आळंदीला?”

“मग! सुट्टी टाकून गेलो होतो,” नवरा अभिमानाने म्हणाला.

“मग कालची सही कुणाची?”

“माझीच,” भाऊ म्हणाला. “शाळेपासून येते मला. प्रगतिपुस्तकावर काकांचीच ठोकायचो. एकदाही सापडलो नाही, राव!”

दोघांनी टाळी दिली.

“काकूंना माहीत आहे?”

“त्यांना काय कळतंय गाडीतलं? घरातलीच गोष्ट आहे, वहिनी.”

वारसांच्या सह्या झाल्याशिवाय ही गाडी मला नको, असं सांगून मी दोघांना एकेक पेढा दिला आणि गाडी परत पाठवली. नवरा चिडला. “आता शिफ्टला तोंड कसं दाखवू?”

“दहाव्याला दाखवलंत तसंच. आणि काकूंचं घर कुठे आहे, तेवढं सांगा.”

७ फेब्रुवारी. सकाळी निघोज्याला डबे टाकून मी स्कूटर आळंदीकडे वळवली. काकू दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. गाडी विकायची आहे का, म्हणून मी विचारलं.

“कुणी सांगितलं, बाई? न्हाई विकायची. लेकीला द्यायचीय. पुतण्यानं सर्व्हिसिंगला नेलीय, आज येईल म्हणतोय.”

मी पुतण्याचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.